बसून पाहायचा फलक

पाचशे रुपये गेल्याचं मला फारसं काही वाटलेलं नाही, असं मी घरी सांगितलं आहे.

परवा संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर स्कूटर लावली, खोकल्याची बाटली घेतली आणि परत आलो, तर स्कूटरजवळ पोलीस उभा आणि चलन तयार. गुन्हा: नो पार्किंग. शहराचं नाव सांगत नाही. गोवा एवढासा, नाव घेतलं की कुणाचा तरी मेहुणा निघतो.

“फलक कुठे आहे?” मी विचारलं.

त्याने मान न वळवता अंगठा मागे केला. मागे रोस ऑम्लेटचा, म्हणजे तिखट रश्श्यातल्या ऑम्लेटचा, गाडा होता, निळी ताडपत्री होती, वाफ होती. फलक नव्हता.

“आहे,” तो म्हणाला आणि पुढच्या स्कूटरकडे वळला. देव आहे का, या प्रश्नालाही इतकं ठाम उत्तर मी कुणा भटजीकडून ऐकलेलं नाही.

माझं भांडण फलक या वस्तूशी नाही, हे आधीच सांगतो. रस्त्यावरचा फलक ही विचारपूर्वक घडवलेली चीज आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ६७ क्रमांकाची संहिता १९७७ साली आली, पुढे अनेकदा सुधारली, आणि तिच्यात सगळं लिहून ठेवलं आहे. गोल म्हणजे हुकूम किंवा मनाई, त्रिकोण म्हणजे जपून, चौकोन म्हणजे माहिती. ‘थांबा’चा अष्टकोन आणि ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण हे आकार दुसऱ्या कुणाला दिलेलेच नाहीत, का, तर फलक चिखलाने माखला किंवा पाठमोरा दिसला तरी नुसत्या आकारावरून कळावं. साधा गोल फलक ६० सेंटीमीटर व्यासाचा, त्रिकोणाची बाजू ९०. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, दीड-दोन मिलिमीटर जाड. खांब ७५ बाय ७५ बाय ६ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचा, पायथ्याशी ४५ सेंटीमीटर लांब-रुंद आणि ६० खोल काँक्रीट. खांबावर पाव-पाव मीटरचे काळे-पांढरे पट्टे, सगळ्यांत खालचा काळा, कारण तिथेच चिखल उडतो आणि कुत्री येतात. (कुत्र्यांचं संहितेत नाही, ते माझं.) फलक रस्त्याला अगदी काटकोनातही उभा करायचा नसतो. वाहतुकीपासून किंचित, पाचेक अंश, बाहेर वळवायचा, नाहीतर गाडीचा उजेड आरशासारखा उलटून चालकाच्याच डोळ्यांत जातो.

आता एवढं सगळं ज्यांनी ठरवलं, त्यांना ताडपत्री सुचली नाही.

“पात्रांव,” गाड्यामागून आवाज आला, “बोर्ड आसा.”

“खंय?”

“हांगा येयात. बसात. आतां वयर पळयात.”

मी गाड्याला टेकवलेल्या बाकड्यावर बसलो आणि वर पाहिलं. ताडपत्रीच्या आत, बल्बच्या वर, तेलाच्या वाफेत निवांत, गोल निळा फलक होता. उभं राहिलं की ताडपत्रीची कड आडवी येई आणि रस्त्यावरून तर नुसती निळाई. फलक फक्त बसून खाणाऱ्याला दिसत होता, आणि बसून खाणारा आपली गाडी आधीच कुठेतरी लावून आलेला असतो.

पुढचं बोलणं गाडेवाला कोकणीत करत होता आणि मी मराठीत. गोव्यात त्याला दुभाषी लागत नाही.

“तुम्ही फलक झाकलाय,” मी म्हणालो.

“झाकलाय?” त्याला ते लागलं. “आठ वर्षं सांभाळतोय मी याला. दर सोमवारी साबणाने पुसतो. पुढच्या चौकातला जाऊन बघा. शेवाळ चढलंय नुसतं.”

पुढच्या चौकातला मी पाहिलेला होता, आणि शेवाळाबद्दल त्याचं म्हणणं खरंच होतं. आपल्याकडे चार महिने पाऊस लागतो, आणि झाडाखालच्या फलकावर पहिल्याच पावसाळ्यात हिरवी साय धरते. फलकाच्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदात काचेचे बारीक मणी किंवा इवलाले प्रिझम असतात. गाडीचा उजेड आल्या वाटेने परत पाठवायचं काम त्यांचं. त्यावर शेवाळ बसलं की उजेड आत शिरत नाही, आणि रात्री तो फलक म्हणजे काळोखातला काळा पत्रा. त्याला फडकं आणि साबणाचं पाणी पुरतं. पण फलक उभा करण्याची निविदा निघते, पुसण्याची निघत नाही. किनाऱ्याकडे खारं वारंही आहेच. आधी बोल्ट गंजतात, एक तुटतो, आणि मग ‘डावीकडे वळा’चा बाण हळूहळू खाली झुकून जमिनीत घुसायला सांगतो.

“खांब कसला भक्कम आहे बघा,” गाडेवाला म्हणाला आणि प्रेमाने थोपटला. त्या खांबाला ताडपत्रीची दोरी होती, बल्बची वायर होती, पोईची, म्हणजे गोव्याच्या पावाची, पिशवी होती, कांद्यांची माळ होती आणि कालनिर्णय होतं. “फलक सरकारचा. खांबाला मात्र मीच आहे.”

मला तेव्हा उलगडा झाला. शहरात फलकाची खालची कड जमिनीपासून दोन मीटरच्या वर ठेवतात. चालणाऱ्याचं डोकं आपटू नये, उभ्या गाड्यांनी फलक झाकला जाऊ नये, म्हणून. ताडपत्री बांधणाराही गिऱ्हाइकाच्या डोक्याचाच विचार करतो. तोही दोन मीटरच धरतो. म्हणजे या दोघांची गाठ पडणं अटळ होतं. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, म्हणून तर राग जास्त येतो. दुष्टावा असता तर निदान कुणाच्या नावाने बोटं मोडता आली असती.

“पण मी म्हणतो, तुमच्या गाडीला पावती लागायलाच नको होती,” तो ऑम्लेट उलथत म्हणाला. “रेघा मोजा.”

“कसल्या?”

“तांबड्या. किती?”

निळ्या चकतीवर एक तिरकी रेघ होती. एके काळी तांबडी असावी, आता गुलाबी.

“एक रेघ म्हणजे गाडी लावू नका. दोन रेघा, फुलीसारख्या, म्हणजे थांबूही नका. हा एकाचा आहे. थांबायला बंदी नाही. म्हणून माझी गिऱ्हाइकं बघा.”

मी पाहिलं. रस्त्याच्या कडेला चार जण आपापल्या स्कूटरवर बसून, इंजिन चालू ठेवून, हँडलवर ताटली तोलत रोस ऑम्लेट खात होते.

“स्कूटरवर बसून खाल्लं तर ती थांबलेली. उतरून खाल्लं तर ती लावलेली. तुम्ही उतरलात.”

“मी औषध घ्यायला उतरलो.”

“तेच तर. औषधवाल्याला हाक मारायची. आणून देतो तो.”

रेघांचं या माणसाचं बरोबर होतं, हीच माझी पंचाईत. एक रेघ आणि दोन रेघा यांतला फरक माहीत असलेला त्या रस्त्यावरचा बहुधा तो एकटाच. लायसनच्या परीक्षेत आपण सगळे हे पाठ करून जातो आणि बाहेर येईपर्यंत विसरतो. त्याने मात्र त्या एका रेघेवर संसार उभा केला आहे.

गुलाबी रेघेचं मात्र त्याच्या ध्यानात आलेलं नाही. उन्हात तांबडा रंग आधी उडतो, निळा टिकून राहतो. आणि संहितेप्रमाणे कोरी निळी गोल चकती ही मनाई नव्हे, ती आज्ञा. निळ्यावर डावीकडचा पांढरा बाण असेल तर डावीकडेच वळलं पाहिजे. भोंग्याचं चित्र असेल तर तो वाजवलाच पाहिजे. आणखी दोन पावसाळे गेले की इथली रेघ पुरती पुसली जाईल आणि मग इथे गाडी लावणं बंधनकारक होईल. त्या दिवशी न लावणाऱ्यांना पावती द्या म्हणावं.

शिवाय ही मनाई सुरू कुठून होते आणि संपते कुठे? त्यासाठी फलकाखाली एक छोटी आयताकृती पट्टी असते. तिच्यावर बाण काढतात, हवी तर वेळ लिहितात. बाण एका बाजूला म्हणजे मनाई इथून सुरू, दोन्ही बाजूंना म्हणजे चालू आहे, उलटा म्हणजे संपली. आमच्या फलकाखाली पट्टीच्या जागी रोस ऑम्लेटचे दर होते.

असं नाही की आपल्याकडे फलक कमी आहेत. एकेका खांबावर पाच-पाच दाटीवाटीने उभे असतात, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे. ताशी ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. दोन फलक वाचेपर्यंत आपण तिसऱ्याच्या पुढे गेलेले असतो. गतिरोधकाचं तर विचारू नका. कागदावरचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, पाळण्यासारखा हळुवार, आणि त्याचा फलक ४० मीटर आधी. प्रत्यक्षातला गतिरोधक पोळपाटाएवढा रुंद आणि उखळाएवढा उंच, आणि फलक अगदी त्याच्या बगलेत. बातमी आधी मणक्याला पोचते, डोळ्यांना मागाहून.

दिशादर्शक फलकांचं दुखणं निराळं. पोर्तुगीज गेले, पण गावांच्या इंग्रजी नावांच्या शेपटीला अनुनासिकाचा ‘एम’ चिकटवून गेले. पाहुणे तो इमानदारीने उच्चारतात. केपे शोधणारा ‘क्वेपेम’ विचारतो, साखळीला निघालेला ‘सॅनक्वेलिम’, पेडण्याचा ‘पेर्नेम’. आपण त्याला “असं गाव नाही” म्हणून सांगतो आणि तो त्याच गावातून पुढे निघून जातो. त्यात एका फलकावर देवनागरी असते, पुढच्यावर नसते. नदीकाठच्या धक्क्यासाठीचा त्रिकोण तेवढा मला मनापासून आवडतो. त्यात पाण्यात कलंडणारी गाडी काढलेली असते. जिथे रस्ता सरळ फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन संपतो, त्या गोव्यात त्या चित्राइतकी प्रामाणिक सरकारी सूचना दुसरी नसेल.

हे सगळं मी गाडेवाल्याला सांगत बसलो होतो, कारण एव्हाना माझ्यापुढे ताटली आली होती. मी मागवली नव्हती. त्याने विचारलंही नव्हतं.

“कायद्यात आहे,” मी म्हणालो. रोस तिखट होता, आवाज चढला असेल. “मोटार वाहन कायदा, कलम ११६. फलक लावायचा तो लोकांच्या लक्षात आणून देण्यासाठी, असं लिहिलंय. फलकाच्या आड येणारी जाहिरात काढायचा अधिकारसुद्धा त्यात दिलाय. आणि कलम ११९ मध्ये, चालकाने फलक पाळायचा. ११६ लावणाऱ्याचं, ११९ पाळणाऱ्याचं. पण पोलिसाच्या खिशात नेहमी ११९ वालंच पान कसं असतं?”

“आणखी पाव?” तो म्हणाला.

हे हसण्यावारी नेण्याजोगं नाही, हे मला त्याला सांगायचं होतं. माझे पाचशे गेले, जाऊ देत. पण रेनकोट घालून, मागे पोर बसवून अनोळखी गावात शिरणाऱ्या माणसाने कुठे पाहायचं? आंब्याच्या फांदीआडच्या ‘शाळा पुढे आहे’कडे? नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरमागच्या ‘प्रवेश बंद’कडे? एकेरी रस्त्यात उलटा घुसलेला प्रत्येक माणूस बेशिस्त नसतो. कितीतरी जण नुसते बॅनरच्या चुकीच्या बाजूला असतात. बॅनर चवथीला लागतो, दिवाळीत फाटतो आणि कार्निव्हलपर्यंत लोंबतो, आणि तेवढा काळ त्या रस्त्यापुरता कायदा सुट्टीवर असतो. फांदी छाटायला एक कोयता पुरतो. नगरपालिका म्हणते फलक वाहतूकवाल्यांचा, ते म्हणतात रस्ता बांधकाम खात्याचा, ते म्हणतात झाड वनखात्याचं.

“रोज येतात हो,” गाडेवाला दुसरा पाव ठेवत म्हणाला. “चार-पाच तरी. चलन हातात घेऊन. ‘बोर्ड कुठे’ म्हणून विचारतात. मी दाखवतो. कुणाला नाही म्हणत नाही.”

तेवढ्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी रेंगाळत आली. आतला पाहुणा सभ्य दिसत होता. त्याने काच खाली करून रस्त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या, खांब पाहिला, ताडपत्री पाहिली, कुठेही मनाई नसल्याची खात्री करून घेतली आणि गाडी माझ्या स्कूटरच्या शेजारी व्यवस्थित, पांढऱ्या रेषेच्या आत लावली. लॉक केली. पुन्हा एकदा ओढून पाहिली. दुकानांकडे निघाला. चौकातून पोलीस इकडेच येत होता.

मी बाकड्यावरून अर्धा उठलो.

“बसात,” गाडेवाला हळूच म्हणाला. “तो येतलोच.”

ताटलीत अजून रोस होता. मी बसलो. त्याने दोन अंडी फोडली.