दगडात एनर्जी शोधायला गेले होते

परवा लेकीच्या मैत्रिणीचा मेसेज आला, "काकू, सेडोनाला जाऊन आलात ना, मग व्होर्टेक्स जाणवला का?" दोन ओळींत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं म्हणून इथेच लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत ॲरिझोना नावाचं वाळवंटी राज्य, त्यातल्या फिनिक्सहून उत्तरेला गाडीनं दोन तासांवर हे सेडोना. वस्ती जेमतेम दहा हजार आणि वर्षाला तीसेक लाख माणसं येऊन जातात. फिनिक्स सोडल्यावर बराच वेळ ते हात वर करून उभे असल्यासारखे उंच निवडुंग, सग्वारो, सोबत करतात, मग चढ लागतो, सग्वारो संपतात, हवा जरा गार होते, आणि एका वळणावर समोर सगळं एकदम लाल. विटेचा लाल नाही हं, गेरूचा. शेकडो फूट उभे कडे, सुळके, त्यावर संध्याकाळचं ऊन. लेकीनं गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं कोणी बोललं नाही, आमचे जावईसुद्धा नाहीत, जे त्यांना ओळखतात त्यांना कळेल हे केवढं आहे ते.

तर या गावात चार ठिकाणी म्हणे जमिनीतून एनर्जी भोवऱ्यासारखी गरगरत वर येते किंवा खाली जाते, त्याला व्होर्टेक्स म्हणायचं. बेल रॉक, कॅथेड्रल रॉक, एअरपोर्ट मेसा आणि बॉयंटन कॅन्यन. त्यातही बेल रॉकची एनर्जी पुरुषी, कॅथेड्रल रॉकची बायकी, बॉयंटनला दोन्ही समसमान. ध्यानाला बसायचं तर इथेच, असं सगळे सांगतात. मी वीसेक वर्षं रोज सकाळी बसतेय, मोडकंतोडकं का होईना, त्यामुळे मला उत्सुकता होती, खोटं कशाला बोलू. आणि मला वाटत होतं हे फार जुनं असणार, आदिवासींच्या काळापासूनचं. वाचलं तर कळलं की पेज ब्रायंट नावाच्या एका सायकिक, म्हणजे अतींद्रिय शक्ती असल्याचं सांगणाऱ्या, बाईंनी १९८० साली हे व्होर्टेक्स 'ओळखले'. १९८० ला मी सातवीत होते! म्हणजे हे प्राचीन शक्तिपीठ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मग ऑगस्ट १९८७ मध्ये हार्मोनिक कन्व्हर्जन्स म्हणून जगभर एक सामूहिक ध्यानाचा सोहळा झाला, त्यासाठी सेडोनाला पाचेक हजार माणसं जमली, त्यातल्या काहींची तर खात्री होती की बेल रॉक उघडणार आणि आतून अंतराळयान निघणार. डोंगर जागचा हलला नाही. दुकानं मात्र उघडली ती आजतागायत उघडीच आहेत, क्रिस्टल, ऑराचे फोटो, मागच्या जन्माचं रीडिंग, व्होर्टेक्सची गाइडेड टूर. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासतात, इथे नकाशावर गोल काढतात, एवढाच काय तो फरक.

बेल रॉकवर पहिल्या दिवशी गेलो. जावयांनी मोबाइलवर कंपास चालू केला आणि तो हातात धरून त्या डोंगराभोवती फिरले, सुई बिचारी उत्तर दाखवत राहिली. मी म्हटलं अहो, कशाला त्या दगडाची परीक्षा घेताय. तर म्हणाले, आई, लोकच म्हणतात ना यात लोखंड आहे म्हणून चुंबक आहे. लोखंड आहे हे खरंच. वाळूच्या एकेका कणावर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर बसलाय, लाल रंग त्याचाच, आणि हा दगड अठ्ठावीसेक कोटी वर्षांपूर्वीचा. पण गंज म्हणजे चुंबक नव्हे. दुसरा पुरावा लोक देतात तो तिथल्या ज्युनिपरच्या झाडांचा, बुंधे पिळून काढलेल्या धुण्यासारखे वळलेले असतात, म्हणे एनर्जीनं पिळले. झाडं खरंच बघण्यासारखी आहेत, मी एकाच्या सालीवर हात फिरवत बसले होते कितीतरी वेळ, दोरखंड वळावा तशी ती वर गेलेली, अर्धं अंग वाळून राखाडी झालेलं आणि उरलेल्या अर्ध्यावर हिरवा पाला. पण जिथे व्होर्टेक्स नाही त्या रस्त्याकडेलाही तशीच पिळलेली झाडं आहेत हो, आणि नकाशातल्या गोलाच्या आत सरळ वाढलेलीही आहेत. वारा खात, पाण्यावाचून राहत झाड असं तग धरतं हे मला एनर्जीपेक्षा मोठं वाटलं.

आमच्या शेजारी एक ग्रुप बसला होता, दहाबारा जण, एक ताई त्यांना श्वास घ्यायला लावत होत्या, जोरात, भराभर, आणखी खोल, आणखी खोल. थोड्या वेळानं एकेक जण सांगायला लागला, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं. ताई म्हणाल्या, दॅट्स द व्होर्टेक्स. ज्यांनी भस्त्रिका प्राणायाम चुकीच्या पद्धतीनं केलाय त्यांना हे घरी पलंगावर बसूनही जाणवलेलं असेल. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटंओठ मुंग्यावतात, त्याला डोंगर लागत नाही. त्यात ही माणसं साडेचार हजार फुटांवर, कोरड्या हवेत, चढून आलेली, पाणी कमी प्यायलेली. पण मी काही बोलले नाही. एका बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खरं पाणी, आणि ते कार्बन डायऑक्साइडचं नव्हतं. ते कुठून आलं मला काय माहीत.

इथपर्यंत हसून सोडून द्यावं असं आहे, पण ऑक्टोबर २००९ मध्ये याच सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे नावाच्या सेल्फ हेल्प गुरूनं एक रिट्रीट घेतलं होतं, एकेकाकडून साडेनऊ हजार डॉलरच्या वर घेऊन. आधी छत्तीस तास उपाशी, पाण्यावाचून वाळवंटात एकेकटं बसवलं, आणि मग पन्नासहून जास्त माणसं एका बंद तंबूत तापलेल्या दगडांभोवती कोंबली. घाम गाळून शुद्ध व्हायचा मूळ विधी अमेरिकेतल्या आदिवासींचा, तो ह्या बाबांनी उचलला. तीन माणसं गेली. २०११ मध्ये कोर्टानं त्याला दोषी धरलं आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. मला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, लोकांना त्रास होत होता, उलट्या होत होत्या, तरी बरेच जण आतच थांबले, कारण त्रास झाला म्हणजे काहीतरी मोठं घडतंय असं त्यांना शिकवलेलं होतं. आपलं शरीर सांगतंय बाहेर पड आणि आपण त्याला एनर्जी म्हणतोय. ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकून ठेवावं असं मला वाटतं, कुठल्याही देशात बसत असाल तरी.

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रल रॉक. तिथली गाड्यांची गर्दी इतकी वाढलीय की आठवड्यातले बरेचसे दिवस खालचं पार्किंग बंदच ठेवतात आणि फुकटच्या शटल बसनं जावं लागतं. चढ अंतरानं किलोमीटरभरच, पण मधे एक टप्पा असा की हातापायांवर, माझ्या वयात तर चक्क बुडावर घसटत जावं लागतं. वर खिंडीत पोचले तर ही जत्रा! कोणी वाडगं घुमवतंय, कोणी झाडासन करून फोटो काढून घेतंय, फोटो नीट आला नाही म्हणून परत झाडासन. चांगली सपाट जागा धरून एक मुलगा डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या मागे तीन जण तो उठायची वाट बघत उभे. देवळातल्या रांगेत निदान पुजारी 'चला पुढे' म्हणतो. मी एका कडेला मांडी घातली, डोळे मिटले, आणि जे काही चार मिनिटं बसले त्यात मनात एवढंच चाललं होतं की आता जाणवेल, आता जाणवेल, हे पायाला काय होतंय, हेच का ते? खडा टोचत होता. वीस वर्षांत इतकं वाईट बसणं झालं नव्हतं. अपेक्षा घेऊन बसलं की ध्यान राहत नाही, पोस्टमनची वाट बघणं होतं.

उतरताना एक रेंजर बाई भेटल्या, फॉरेस्टच्या. त्यांनी वाटेच्या कडेची काळपट, खरखरीत, फुगल्यासारखी दिसणारी माती दाखवली, मी तर तिला मळकी जमीन समजले होते. ती जिवंत आहे. शेवाळं, दगडफूल, सूक्ष्म जीव मिळून मातीवर ही साय धरतात, तिनंच वाळू जागेवर राहते, पाणी मुरतं, आणि एक पाऊल पडलं की मोडते ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात, कधी कधी दशकं. 'डोन्ट बस्ट द क्रस्ट' असं म्हणतात तिकडे. लोक व्होर्टेक्सचा 'नेमका पॉइंट' शोधत वाट सोडून जातात, दगडांच्या उतरंडी रचतात, चक्रं मांडतात, आणि हे रेंजर लोक ती मोडत फिरतात. म्हणजे एनर्जी शोधता शोधता जे खरोखर जिवंत आहे तेच बुटाखाली. मी त्यानंतर दोन दिवस खाली बघतच चालले.

आणि आदिवासींचं म्हणाल तर तो विषय वेगळाच आहे. बॉयंटन कॅन्यन हा यावापाई-अपाची लोकांसाठी पवित्र, त्यांच्या आदिमातेची जागा. फेब्रुवारी १८७५ मध्ये सैन्यानं ह्या लोकांना, सुमारे दीड हजार जणांना, ऐन थंडीत १८० मैल चालवत सान कार्लोसच्या राखीव वस्तीत नेलं. वाटेत नद्यांना पूर, शंभराच्या वर माणसं गेली. पंचवीस वर्षांनी परत यायला मिळालं तेव्हा जेमतेम दोनशे परतले. आज त्या कॅन्यनच्या तोंडाशी महागडा रिसॉर्ट आहे. ज्यांची जागा जागृत होती त्यांना हाकललं, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याच लोकांना तिथे 'व्हायब्रेशन' जाणवायला लागली. मी मुद्दाम चारही व्होर्टेक्स 'केले' म्हणून टिकमार्क करणार होते, पण हे वाचल्यावर बॉयंटनला नुसती वाटेनं चालले आणि परत आले. बसले नाही. मनच झालं नाही.

मग ध्यान लागलंच नाही का? लागलं. शेवटच्या दिवशी, परतताना, आणि तेही ध्यानाला म्हणून बसलेच नव्हते तेव्हा. सेडोनापासून साधारण अर्ध्यापाऊण तासावर मॉन्टेझुमा वेल म्हणून जागा आहे. उघडंबोडकं, झुडपांचं रान, ऊन, आणि त्यात अचानक जमिनीला पडलेलं गोल भगदाड, शंभरेक मीटर रुंद, तळाशी हिरवट तळं. रोज सुमारे पंधरा लाख गॅलन पाणी यातून येतं, उन्हाळा असो हिवाळा असो, जवळजवळ तेवढंच कोमट. पाण्यात कार्बन डायऑक्साइड इतका की मासा जगत नाही, जळवा जगतात. वर आर्सेनिक. यावापाई लोकांची कथा अशी की त्यांची पहिली स्त्री पुराच्या वेळी पोकळ ओंडक्यात बसून इथून वर आली. हिलाही पवित्रच जागा म्हणायची, पण व्होर्टेक्सवाल्यांच्या चारात ही नाही, त्यामुळे शांत.

एक वाट खाली उतरते, जिथे ते पाणी खडकाच्या फटीतून बाहेर पडून शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी खोदलेल्या पाटात शिरतं. वर ऊन रणरणत होतं आणि तिथे खाली उतरल्यावर एकदम गारवा, जसं माठ ठेवलेल्या कोपऱ्यात जावं. एक मोठं सिकमोर पाटावर वाकलेलं, पांढरं खोड. लेक आणि जावई पुढे गेले, माझे गुडघे बोलायला लागले होते म्हणून मी पाटाच्या कडेला टेकले. पाणी वाहतंय, आवाज अगदी लहान, म्हणजे लक्ष दिलं तर येतो, नाही दिलं तर नाही. कुठला तरी पक्षी एकदाच, वरून जिना उतरल्यासारखी शीळ घालून गेला. नाक कोरडं पडलं होतं चार दिवस, तिथल्या ओलसर हवेनं श्वास सुटा झाला आणि तो आत जाताना गार, बाहेर येताना कोमट, इतका स्पष्ट कळत होता की मुद्दाम बघायची गरजच नव्हती. डोळे कधी मिटले माहीत नाही. लेकीनं खांद्यावर हात ठेवला, "अगं आई, चाळीस मिनिटं झाली, आम्ही वर वाट बघतोय." मला दहा वाटली होती.

गाडीत बसल्यावर जावई म्हणाले, म्हणजे आई, खरा व्होर्टेक्स इथेच होता. मी म्हटलं व्होर्टेक्स कसला, सावली होती, पाणी होतं, आणि तुम्ही दोघं नव्हता. फार हसले.

मला कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायची नाहीये, त्या बेल रॉकवरच्या बाईंचं रडणं मला अजून आठवतं. जायचं असेल तर जरूर जा, वाळवंट एकदा बघावंच माणसानं, फक्त तो नकाशा गाडीत ठेवा आणि जवळ पाणी भरपूर ठेवा.

एक राहिलंच. फिनिक्सला परत आल्यावर कपडे धुवायला काढले, पांढऱ्या मोज्यांचा लाल रंग दोन धुण्यांत गेला नाही, आणि पँटच्या खिशात बोराएवढा लाल खडा निघाला. बेल रॉकहून उचललेला, मीच, एनर्जी बिनर्जी हसत हसत. लेक म्हणाली ठेव की आठवण म्हणून. मी नको म्हटलं. ऑक्टोबरमध्ये ती दोघं परत जाणार आहेत, तोपर्यंत तो तिच्या किचनच्या खिडकीत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर विचारत होती, नक्की कुठे ठेवायचा सांग. म्हटलं पार्किंगपासून वर गेलीस की दुसरं वळण, पिळलेलं ज्युनिपर आहे बघ, अर्धं वाळलेलं, त्याच्या खाली. वाट सोडू नकोस, उभ्यानंच हात लांब करून ठेव.