मान गेली

फिजिओथेरपीच्या फाइलवर ‘दुखण्याचं कारण’ असा एक रकाना असतो. माझ्या फाइलवर त्या रकान्यात ‘डान्स’ असं लिहिलंय. हे मला मान्य नाही, आणि गळ्यात पट्टा असल्यामुळे मान हलवून तसं सांगताही येत नाही.

झालं ते थोडक्यात सांगतो. रविवारी संध्याकाळी मित्राच्या घरी बसलो होतो. हा मित्र कॉलेजात ड्रम वाजवायचा, आता विमा विकतो. येत्या मंगळवारी, २७ मे २०२५ला, बुडापेस्टमध्ये आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा नवा दौरा सुरू होतोय. स्टीव्ह हॅरिसने १९७५च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये ही बँड काढली, तिला यंदा पन्नास वर्षं होतील. म्हणून या वेळी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली गाणी, १९८० ते १९९२, असं त्यांनी जाहीर केलंय. नऊ अल्बम म्हणजे ऐंशीएक गाणी. दोन तासांत मावतात पंधरा-सोळा. उरलेल्या पासष्टांवर माणसाचं आयुष्य जाऊ शकतं. आमचं गेलंय.

‘द ट्रूपर’ हे गाणं असणारच, यावर आमचं एकमत होतं. म्हणजे उठायचं काही कारणच नव्हतं. तरी मी उठलो, आणि ते कसं सुरू होईल ते करून दाखवलं. साधारण चाळीस सेकंदं. मग मानेत ‘कट’ असा आवाज आला आणि पुढचं सगळं मी छताकडे बघत ऐकलं.

हीच मान १ फेब्रुवारी २००८ला बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानात दोन तास हलली होती. तो त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम, तोही मुंबईत! गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँड, माणसं आणि सामान बोइंग ७५७मध्ये घालून स्वतः चालवत घेऊन आला होता. मी एकतीस वर्षांचा होतो. नाकातोंडात मैदानाची धूळ घेऊन कुर्ल्यापर्यंत चालत आलो, स्लो लोकलने भांडुपला उतरलो आणि सकाळी नऊला ऑफिसात होतो. मानेने तक्रार केली नाही. तेव्हा मला मान होती, आणि मानही होता.

तर क्लिनिक. सहाशे रुपये सिटिंग, दहा सिटिंग, पैसे आधी. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, “कसं झालं?” मी म्हणालो, “हेडबँगिंग.” तिने पेन थांबवलं. “म्हणजे डोकं आपटलं?” “नाही हो, संगीतावर मान हलवणं. जोरात.” “अच्छा, डान्स,” असं म्हणून तिने ते लिहून टाकलं. बायको शेजारी होती. ती म्हणाली, “स्वतःच्या लग्नात यांचं एक पाऊल हललं नव्हतं.” आणि भाजी घ्यायची आहे म्हणून निघून गेली. पट्टा बांधलेल्या माणसाला सोडून जाणं सोपं असतं, त्याला मागे वळून बघता येत नाही.

बाकावर शेजारी एक काका बसले होते. उजवा हात पोटाशी धरलेला, कपाळाला अष्टगंध. संवाद त्यांनी पूर्ण ऐकला होता.

“काय, वरातीत नाचलात?”

“नाही, घरी.”

“घरी? कोणाचं लग्न?”

“कोणाचंच नाही.”

यावर ते थोडे सरकून बसले. वेड्याच्या शेजारून सरकतात तसे नव्हे, नीट बघता यावं म्हणून.

मी गप्प बसायला हवं होतं. पण ‘डान्स’ मनात सलत होता, म्हणून मी पहिल्यापासून सांगायला घेतलं: बँड, दौरा, नऊ अल्बम, कुठलं गाणं येईल आणि कुठलं नाही. खिशात यादी होती, तीही काढली. काकांनी ती डाव्या हातात घेऊन लांब धरली.

“हा क्रम कोणी लावला?”

“मी.”

“तुम्ही त्यांच्यात आहात?”

“नाही.”

“मग तुम्ही कशाला लावता?”

या प्रश्नाला उत्तर नाही. मी विषय बदलायला मोबाइलवर पोस्टर दाखवलं. त्यावर एडी होता, त्यांचा तो हाडका राक्षस. प्रत्येक कार्यक्रमात तो अवाढव्य होऊन स्टेजवर येतो आणि कुठला अवतार घेऊन येईल यावरही आमच्यात तट पडतात. मला वाटलं काका राम राम म्हणतील. ते म्हणाले, “हा तर संकासुर!” दशावतारात संकासुर आला की पोरं किंचाळत पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे येतात, तसंच ना? मी म्हटलं, तसंच. “मग भक्तीचंच काम आहे,” असं म्हणून ते मला एकदम अरेतुरे करू लागले.

काका कणकवलीकडचे, मिलमध्ये नोकरी आणि भजनात पखवाज. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, पोस्टरवर त्यांच्या नावाआधी ‘मृदंगमणी’ छापायचे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, मधे रिसेप्शनच्या मुलीकडे बघून एकदा मोठ्यानेही. ती मोबाइलवर होती.

“ह्यांचो पखवाजवालो कोण?”

मी सांगितलं. निको मॅकब्रेन. १९८२च्या शेवटापासून तोच. दोन हजार तेवीसच्या जानेवारीत त्याला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली.

“उजवी?”

“उजवी. पण मे महिन्यात पुन्हा वाजवायला बसला. दीड वर्ष दौरा केला. गेल्या डिसेंबरात साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम करून थांबला. बाहत्तरचा होता.”

“मी बाहत्तरचो.” मग जरा वेळाने, “त्याका कोणी थांब म्हणून सांगितला, की आपणहून?”

“आपणहून.”

“बरा केल्यान,” काका म्हणाले. “माका सांगितला.”

त्यांच्या मंडळात आता एक पोरगा बसतो. हात चांगला आहे, पण गजर सुरू व्हायच्या आधीच पळतो, बुवांना श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मी मान डोलावू शकत नव्हतो, म्हणून मधूनमधून ‘हं’ म्हणत होतो. मेडनमध्येही नवा माणूस आलाय, सायमन डॉसन, हे मी जरा बिचकतच सांगितलं. काकांनी त्याचं नाव यादीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं, डाव्या हाताने, संशयिताचं लिहितात तसं.

मग खरा वाद सांगितला. एक गाणं आहे, ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, १९८४चं, तेरा मिनिटांहून मोठं. माझं म्हणणं, ते येणार. मित्राचं म्हणणं, नव्या ड्रमरला घेऊन पहिल्याच दौऱ्यात सत्तरीला टेकलेली माणसं तेरा मिनिटं घालवणार नाहीत, त्या वेळात तीन छोटी बसतात. विमावाला आहे, हप्त्यांत विचार करतो.

“तेरा मिनिटा काय म्हणतत?”

मी गोष्ट सांगितली. कोलरिजच्या १७९८च्या कवितेवर आहे. खलाशी विनाकारण एक समुद्रपक्षी मारतो, वारा पडतो, जहाज जागच्या जागी उभं राहतं, सोबतचे सगळे मरतात. हा एकटा वाचतो, आणि जन्मभर भेटेल त्याला थांबवून तीच गोष्ट सांगत फिरतो.

काकांनी अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. “पाखरू मारल्यान, वारो पडलो. बरोबर आहे.” आणि यादीवर बोट आपटून निकाल दिला: “ह्या म्हणतलेच. आख्यान आहे ह्या. आख्यान सोडून नुसते गजर म्हणूक ते काय पोरगे आहेत?”

सतरा वर्षं ज्यांच्याशी मी हा वाद घालतोय त्यांच्यापैकी कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. मला भरून आलं. मी त्यांना बुडापेस्टच्या तारखा, गावं, सगळं दाखवत सुटलो.

“आणि मुंबईत कधी?”

“मुंबईत नाही.”

“मग तू खय जातलस?”

“कुठेच नाही.”

“मगे तुझी मान कशाक गेली?”

इथे मला हसू आलं नाही आणि अजूनही येत नाही. २००७ला बंगळूर, २००८ला मुंबई, २००९ला पुन्हा बंगळूर, त्यानंतर सोळा वर्षं या देशात पाऊल नाही. आम्ही इथे बसून कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर यावं यासाठी मैत्र्या तोडतोय. शेजारच्या सोसायटीत लग्न, पत्रिका आपल्याला नाही, आणि आपण इकडे मठ्ठा जिलेबीच्या आधी की नंतर यावर हमरीतुमरीवर. आणि समजा आलेच, तर आपल्या शहरात कार्यक्रम बघणं म्हणजे काय हेही माहीत आहे. पाण्याची बाटली दारात काढून घेतात आणि आत तेच पाणी चौपट भावाने विकतात. स्टेजपुढची जागा सोफेवाल्यांना, ज्यांना एकही गाणं येत नाही. आम्ही मागे, दुसऱ्याच्या मोबाइलच्या पडद्यात बँड बघत. तरी मी गेलो असतो. पट्ट्यासकट.

काकांना आत बोलावलं. उठताना म्हणाले, “मंगळवारी त्यांनी ता पाखराचा म्हटल्यानी काय, माका सांग. रात्री फोन नको, मंडळी उठतत.” बुडापेस्टला रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेबारा. बुधवारी त्यांची सिटिंग पाचला आहे. माझी साडेपाचला.

जाता जाता मी रिसेप्शनवर थांबलो आणि म्हटलं, ताई, त्या रकान्यात जरा दुरुस्ती करा, ते डान्स नव्हतं. तिने काकांचं सगळं ऐकलं असावं, कारण या वेळी वाद घातला नाही. फाइल काढली, पेन काढलं आणि ‘डान्स’च्या पुढे एक आडवी रेघ मारून लिहिलं: ‘इंग्लिश’.