समोरचा चिडतच नाही

वाद घालायचा तर समोरचा चिडावा लागतो, एवढी माझी साधी अपेक्षा. आवाज चढावा, "तुम्ही आम्हाला शिकवू नका" व्हावं, कुणीतरी अर्धा चहा टाकून उठावं आणि पुढची एखादी दिवाळी अबोल्यात जावी. माझ्या आजोबांनी भर लग्नाच्या पंगतीत टिळकांविरुद्ध आगरकरांची बाजू घेतली, तेव्हापासून त्यांचे साडू आमच्या घराची पायरी चढले नाहीत. याला म्हणतात वाद. मी साताऱ्याचा, कॉलेजात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांत घडलेला. नारळातून केस कसे काढतात, जळता कापूर जिभेवर कसा ठेवतात, हे मी कुठल्याही बुवाइतक्याच सफाईने करून दाखवतो. एवढी तयारी घेऊन अमेरिकेत यूटा राज्यात राहायला आलो आणि शेजारी मिळाला मॉर्मन दंतवैद्य. हा गृहस्थ हवेतून अंगठी काढत नाही. दात काढतो, आणि तोही दुखू न देता.

माझी बायको त्याला 'दातवाले' म्हणते. खरं म्हणजे 'मॉर्मन'ही म्हणायचं नसतं. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की चर्चचं पूर्ण नाव घ्या. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' एवढं म्हणून होईपर्यंत मी माझा मुद्दा विसरतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी एक डाव गमावून बसलो.

दुसरा डाव आमच्या पत्त्यानेच घालवलाय. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात रस्त्यांना नावं कमी, आकडे जास्त, आणि ते आकडे मोजायचे यांच्या मुख्य देवळाच्या चौकापासून. १८४७ च्या जुलैत यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग आपली मंडळी घेऊन या ओसाड खोऱ्यात उतरला, त्याने चार-पाच दिवसांत देवळाची जागा ठरवली आणि बाकीचं गाव तिथून आखलं. आम्ही सँडीत, '९४०० साउथ'च्या आसपास राहतो. म्हणजे हा नास्तिक कुठे राहतो, तर देवळाच्या दक्षिणेला चौऱ्याण्णव चौकांवर. पिझ्झा मागवायचा तरी आधी देवळाचं स्मरण.

आमच्या चर्चेला सुरुवात होते ती साधारण बर्फ पडल्यावर. सकाळी मी उठून दार उघडतो तर दातवाला आणि त्याची मुलं माझ्या दारातला बर्फ काढून निघालेली असतात. आता अशा माणसाला घरात बोलावून त्याच्या प्रेषिताच्या, म्हणजे जोसेफ स्मिथच्या, सोन्याच्या पत्र्यांबद्दल (त्यांवरूनच त्याने मॉर्मन ग्रंथ भाषांतरित केला म्हणे) टोकायचं, याला निर्ढावलेपण लागतं. ते माझ्याकडे आहे. अडचण वेगळीच आली. त्याला प्यायला काय द्यायचं?

चहा चालत नाही, कॉफी चालत नाही. १८३३ मध्ये जोसेफ स्मिथला झालेल्या साक्षात्कारात 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली, त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला गेला. मला वाटलं, सापडला! विचारलं, "गरम पेयं वर्ज्य, मग गरम चॉकलेट कसं चालतं? आणि कोल्ड कॉफी का चालत नाही?" तो मनापासून हसला. म्हणाला, "हा प्रश्न मला लहानपणापासून पडलाय!" आणि बायकोने दिलेलं गरम चॉकलेट मिटक्या मारत प्यायला लागला. त्याच्या गाडीत कायम बादलीएवढा ग्लास असतो, त्यात कोक, त्यावर नारळाचं सरबत, लिंबू आणि साय. यूटात अशा सोड्याची दुकानंच्या दुकानं चालतात. कोकमधल्या कॅफिनचं काय, हेही विचारून पाहिलं. त्याला बंदी नाही, असं चर्चनेच २०१२ मध्ये स्पष्ट केलंय म्हणे.

मग त्याने अगदी निरागसपणे मला विचारलं, "तुझी बायको एकादशीला बटाटा खाते, पण भात खात नाही. ते का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण घरच्या खाण्यावर बाहेरच्याने बोट ठेवलं की माझ्यातला आगरकर कुठे जातो कळत नाही. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा असं सगळं मी त्याला शास्त्रशुद्ध समजावून दिलं. भगरीची बाजू मी इतक्या पोटतिडकीने आजवर कुणापुढे मांडली नव्हती. बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिने नंतर एवढंच म्हटलं, "आईंना हे ऐकवायला हवं होतं." त्यांचा उपास महिन्याच्या पहिल्या रविवारी. लागोपाठ दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा प्यायचं नाही आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. आमच्या उपासाला खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर दही असतं हे कळल्यावर मात्र दातवाल्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच धर्मांतराची शक्यता चमकून गेली.

यानंतर मी अभ्यासाला लागलो. शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, दाव्याचा कागद मागा. तेव्हा मी इजिप्तच्या पपायरसवर, म्हणजे तिथल्या प्राचीन कागदांवर, आलो. जोसेफ स्मिथने १८३५ मध्ये ममींबरोबर काही पपायरस विकत घेतले आणि त्यांतून बायबलमधल्या अब्राहामचा ग्रंथ भाषांतरित केला, असं सांगितलं. त्यांतले काही तुकडे पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निघाले, १९६७ मध्ये चर्चकडे परत आले, आणि तज्ज्ञांनी वाचले तर ते निघाले मृतांबरोबर ठेवायचे नेहमीचे मजकूर. अब्राहामचा पत्ता नाही. हे सगळं टिपून घेऊन मी त्याच्या ओसरीवर गेलो आणि एका दमात म्हणून दाखवलं.

"हो ना," तो म्हणाला, "आमच्या चर्चच्या वेबसाइटवर यावर चांगला लेख आहे. पाठवू का तुला?"

जोसेफ स्मिथ टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड खुपसून भाषांतर करायचा, हे पुढचं हत्यार. "तो दगड ना? २०१५ मध्ये चर्चने त्याचा फोटो छापला. तपकिरी आहे, पट्टे पट्टे असलेला. छान दिसतो." सोन्याचे पत्रे दाखव म्हटलं, तर ते देवदूत परत घेऊन गेला. पण अकरा माणसांनी पाहिल्याच्या सह्या आहेत, आणि त्यातले काही नंतर चर्च सोडून गेले तरी सही कुणी मागे घेतली नाही. हा मुद्दा मला अजून पुरता पचलेला नाही, पण हे मी त्याला कशाला सांगू?

शेवटी निसर्ग माझ्या मदतीला धावला, असं वाटलं. मार्च २०२० मध्ये सॉल्ट लेकला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि देवळाच्या शिखरावर मोरोनाय देवदूताचा जो सोनेरी पुतळा आहे, त्याच्या हातातला कर्णा खाली पडला. घरातली भांडी जागेवर ठेवायच्या आधी मी कुंपणाशी गेलो. म्हटलं, "काय रे, देवदूताचं वाद्य पडलं?" तो म्हणाला, "बघ ना! आणि देऊळ भूकंपात टिकावं म्हणून ते बंद करून नुकतंच काम काढलं होतं. वेळेवर सुचलं की नाही?" आणि वर विचारलं, "तुमच्याकडे तांदूळ आहेत ना पुरेसे? नाहीतर आमच्या तळघरात आहेत." तेव्हा करोनामुळे दुकानं रिकामी झाली होती. यांच्या चर्चची जुनी शिकवणच आहे की घरात काही महिन्यांचं धान्य साठवून ठेवावं. मी दहा किलो तांदूळ घेऊन घरी आलो. तांदूळ उधारीवर आणलेल्या माणसाने त्या आठवड्यात आणखी काय बोलायचं?

त्याचं स्वतःचं ब्रह्मास्त्र एकच. मॉर्मन ग्रंथाच्या शेवटी लिहिलंय, हे खरं आहे का असं देवालाच मनापासून विचारा, उत्तर मिळेल.

"विचारलं आणि नाही मिळालं तर?"

"पुन्हा विचार."

"पुन्हा नाही मिळालं तर?"

"घाई काय आहे?"

मी म्हणालो, आमच्या तलाठ्याकडे अगदी असंच चालायचं. त्याने तलाठी म्हणजे कोण ते नीट विचारून घेतलं.

बायका चर्चेत उतरल्या तेव्हा जरा रंग भरला. त्यांच्याकडे देवळात लागलेलं लग्न मरणाने सुटत नाही, अनंतकाळपर्यंत तेच जोडपं. दातवालीने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. माझी बायको वडाला दोरा गुंडाळणारी. तिने विचारपूर्वक मान हलवली आणि म्हणाली, "आमच्यात सातच जन्म. नंतर मोकळीक." त्यावर दातवाली दातवाल्याकडे बघून जे हसली, तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. धर्मचिकित्सा म्हणून मला ते वाक्य माझ्या सगळ्या पपायरसपेक्षा वरचढ वाटलं.

आमच्या खिडकीतून लिटल कॉटनवुडची खिंड दिसते. तिथे ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून यांनी जगभरच्या वंशावळींच्या मायक्रोफिल्म जपून ठेवल्यात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा यांच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर घेतल्या आहेत. एवढी यातायात का, तर मेलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाने देवळात बाप्तिस्मा घ्यायचा. मी म्हटलं, "ही जबरदस्ती झाली. मेलेल्या माणसाला कुणी विचारलं का?" तो म्हणाला, "विचारतात ना. परलोकात तो नाही म्हणू शकतो. आणि आपापल्याच पूर्वजांसाठी करायचं, असा नियम आहे." माझ्या आजोबांपुढे असा कुणी गेलाच, तर त्याचं काय होईल हे डोळ्यांपुढे आलं. त्यांनी आधी त्याला आगरकर समजावून सांगितले असते. मग दातवाल्याने विचारलं, "तुम्ही काय करता मेलेल्यांसाठी?" नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत वडिलांचं नाव मीच लिहवून आलोय आणि पिंडाला कावळा शिवेना म्हणून घाटावर ऊन खात उभाही राहिलोय, हे आठवून मी विषय बदलला.

मरणोत्तर माझी सोय काय, हेही मी एकदा विचारून घेतलं. त्यांच्याकडे स्वर्गाचे तीन मजले. श्रद्धावंत सर्वांत वर. भल्या पण न पटलेल्या माणसांना मधला मजला. "तुला मधला नक्की," त्याने माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "छान असतो." नरकात जाशील म्हणाला असता तर मी निदान रागावलो तरी असतो.

एवढी वर्षं हा माणूस माझ्याशी का बोलतो, ते मला गेल्या हिवाळ्यात कळलं. त्याचा थोरला अठराचा झाला. या वयात मुलं दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला जातात, पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पाटी, जोडीला आणखी एक असाच पोरगा. त्याला ब्राझीलला जायचं होतं. तर हा मुलगा संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायला लागला. टोपीतला दगड विचारा, पपायरस विचारा, प्राचीन अमेरिकेत घोडे नव्हते तर तुमच्या ग्रंथातल्या तिथल्या गोष्टींत कुठून आले ते विचारा, म्हणायचा. मला वाटलं, पोरगं डळमळतंय! मी जीव ओतून शिकवलं. शेवटच्या दिवशी त्याने आभार मानले. म्हणाला, "काका, बाबा म्हणतात, तुमच्यापुढे टिकलो की ब्राझीलमध्ये काही अवघड नाही."

दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं, म्हणजे ईमेलच. साव पावलोत एका नास्तिक प्राध्यापकाने दोन तास घेतले, पण सगळे प्रश्न ओळखीचे निघाले. खाली माझे विशेष आभार.

परवा दातवाला कुंपणाशी आला. त्याच्या मुलीलाही आता जायचंय. "ती भावापेक्षा हुशार आहे," तो म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळी पाठवू?"

गुरुवारी संकष्टी होती. बायकोला साउथ जॉर्डनच्या गणपतीला न्यायचं होतं.

"शुक्रवारी पाठव," मी म्हणालो. "आणि तिला म्हणावं, घोड्यांचं वाचून ये. तुझ्या थोरल्याचं तिथे कच्चं होतं."