‘केएच ८ वर ठेवा म्हणतात, दुकानदाराला काही कळत नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. तुमची तक्रार थोडक्यात अशी: समुद्री प्रवाळांच्या तुमच्या टँकचा पीएच ७.८, म्हणजे तुमच्या मते कमी, दिसला म्हणून बफर (पीएच आणि केएच चढवायचं द्रावण) घ्यायला तुम्ही आमच्या दादरच्या दुकानात आलात. आम्ही बफर दिला नाही. ‘केएच ८ आहे, त्याला हात लावू नका, खिडकी उघडी ठेवा’ असं सांगून परत पाठवलं. (केएच म्हणजे पीएच सावरून धरणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो डीकेएचमध्ये मोजतात.) मग तुम्ही ऑनलाइन बाटली मागवली आणि एका संध्याकाळी केएच १२ वर नेला. पाण्यात पांढरा धुरळा उडाला, झोआ आणि टोडस्टूल ही तुमची मऊ प्रवाळं: झोआ मिटले, टोडस्टूल लोळागोळा झालं. आणि या सगळ्याला कारण काय, तर टँकसाठी समुद्राचं पाणी बनवायचं आमचं मीठ ‘हलकं’ आहे, चांगलं मीठ म्हणे ११-१२ केएच देतं.

आधी खिडकी, कारण ती तुम्हाला चेष्टा वाटली. तुमचा टँक बेडरूममध्ये आहे. रात्रभर एसी, दारं-खिडक्या बंद, आत माणसं झोपलेली. श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, पाण्यात विरघळतो आणि केएच पुरेसा असला तरी पीएच खाली ओढतो. अशा वेळी बफर ओतला की पीएच थोडा वेळ वर जातो आणि पुन्हा खाली येतो; केएच मात्र चढलेलाच राहतो. सकाळी माणूस परत पीएच बघतो, परत बाटलीचं झाकण उघडतो. खात्री करायची असेल तर टँकमधलं भांडंभर पाणी गॅलरीत ठेवा, त्यात एअर पंपाची नळी सोडा आणि तासाभराने पीएच मोजा. चढलेला दिसला, तर दोष खोलीतल्या हवेचा आहे.

आता तो पांढरा धुरळा. तो मिठातला कचरा नाही. तुमच्या बाटलीवर सोडियम कार्बोनेट लिहिलंय, म्हणजे जातीने धुण्याचा सोडा. तो भसकन एका जागी ओतला की तिथला पीएच एकदम वर उडतो आणि पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतं. हीटरवर बसलेला थर तोच. गरम पृष्ठभागावर ही चुनखडी आधी धरते. तुम्हीच लिहिलेले आकडे बघा: केएच १२ वरून ९ वर आला आणि कॅल्शियम ४२० वरून ४०० वर. १ डीकेएच केएच चुनखडीत गेला की सोबत साधारण ७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) कॅल्शियम जातं. तिनाला २१, हिशेब जुळतो. ‘टँक केएच खातोय’ असं समजून तुम्ही दुसरा डोस टाकलात; प्रत्यक्षात तो केएच हीटरवर जाऊन बसला होता.

मिठाबद्दल. समुद्राच्या पाण्यातच केएच साधारण ७ असतो. आमचं मीठ ३५ पीपीटी खारटपणाला ८ च्या आसपास येतं, त्याला हलकं कसं म्हणणार? ११-१२ ची मिठं वाईट नसतात. व्हिडिओंमध्ये ११-१२ वर चालणारे टँक दिसतात, ते बघा: दगडी प्रवाळांनी खच्चून भरलेले, तळपणारे दिवे, भरपूर खाणं, केएच आपोआप भरत राहणारे डोसिंग पंप. तिथे दिवसाला २ डीकेएचसुद्धा खर्च होतो, म्हणून ते हातचा राखून ठेवतात. त्यांच्यातही ज्यांचा नायट्रेट शून्याला टेकलाय त्यांनी केएच वर ठेवला की ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाची टोकं जळतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आम्ही ते ठेवत नाही, कुणी ‘आणून देतो’ म्हणालं तर तुम्हीही घेऊ नका. तुमच्याकडे झोआ, मशरूम आणि टोडस्टूल, सगळी मऊ प्रवाळं. यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे केएच फारसा खर्चच होत नाही. पाणी बदललं की भरपाई होते. अशा टँकला ७.५ ते ८.५ मधला, तुमच्या मिठाशी जुळणारा आकडा निवडा आणि तो हलू देऊ नका. एका संध्याकाळी ४ ने उडी मारलेल्या १२ पेक्षा स्थिर ७.५ शंभरदा बरा.

मापाचं एक. केएच मोजायच्या तुमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे १ डीकेएच. निळ्याचा पिवळा नेमक्या कुठल्या थेंबाला झाला यावर घरोघरी भांडणं होतात! ५ ऐवजी १० मिली पाणी घ्या, मग एक थेंब अर्ध्याचा होतो. आणि केएच कमी दिसला तर आधी खारटपणा तपासा. मीठच कमी पडलं असेल तर सगळेच आकडे खाली दिसतात.

आता काय करायचं: काहीही ओतू नका. केएच उतरवायला व्हिनेगर नको, लिंबू तर नकोच. (हसू नका, लिंबू पिळणारे भेटलेत.) बफर बंद करा, दोन-तीन दिवसांआड १० टक्के पाणी त्याच मिठाने बदला, हीटर काढून व्हिनेगरमध्ये बुडवून खरवडा आणि नीट धुऊन परत लावा. टोडस्टूलवर मेणासारखा पापुद्रा दिसत असेल तर ते कात टाकतंय. पाण्याचा झोत जरा त्याच्या अंगावरून जाऊ द्या. सडका वास येत नसेल तर ते मेलं असं धरू नका.

पैसे परत मिळणार नाहीत. बाटली आमची नाही आणि उघडलेला मिठाचा डबा आम्ही परत घेत नाही, बिलावर तसं छापलंय. टँकचं पाणी बाटलीत भरून आणा. केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम तुमच्यासमोर मोजून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. फक्त सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.