मुलांचं काम ‘नंतर चिकटवलेलं’ नाही

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांबद्दलचा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: हे क्लब व्यापाऱ्यांनी एकमेकांचा धंदा वाढवायला काढले, मुलांसाठीचं काम नाव राखण्यासाठी पुढे चिकटवलं, मुलांच्या वाट्याला येतं ते वह्यावाटप आणि फोटोत उभं राहणं, लोकांनी दिलेल्या पैशांवर सभासद जेवतात, आणि ज्यांनी बायकांना दारं बंद ठेवली, त्यांनी सेवेच्या गोष्टी सांगू नयेत. यातलं काही खरं आहे, म्हणूनच उरलेलं खपून जातं. एकेक मुद्दा घेऊ.

धंद्याचा मुद्दा आधी, कारण तो मान्यच करायचा आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांच्यासोबत रोटरीची पहिली बैठक घेतली. मैत्री व्हावी आणि आपसांत व्यवहारही व्हावेत, हा हेतू उघड होता. १९१५ मध्ये डेट्रॉईटला सुरू झालेल्या किवानिस या दुसऱ्या सेवा क्लबचंही तसंच. पण पहिल्या काही वर्षांतच किवानिसच्या सभासदांमध्ये ‘देवाणघेवाण की सेवा’ यावर वाद झाला आणि सेवेची बाजू जिंकली. शिकागोच्या रोटरी क्लबने तर दोनच वर्षांत शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं यासाठी खटपट सुरू केली. त्या खटपटीतून कुणाच्या दुकानाची विक्री वाढणार होती?

आता ‘नंतर चिकटवलं’. इथे मजकूर लिहिणाऱ्याने तारखा पाहिलेल्याच दिसत नाहीत.

१९०७ मध्ये ओहायोतल्या एलिरिया गावात ट्रामचा भीषण अपघात झाला. त्यात एडगर ॲलन या व्यावसायिकाचा तरुण मुलगा गेला. गावात धड इस्पितळ नव्हतं. ॲलनने धंदा बाजूला ठेवला, पैसे जमवले आणि इस्पितळ उभं केलं. तिथे काम करताना त्याच्या लक्षात आलं की अपंग मुलांना उपचारच मिळत नाहीत, अनेक घरांत तर त्यांना लोकांच्या नजरेआड ठेवलं जातं. तो रोटरीत आला, ओहायोच्या क्लबांनी त्याचं म्हणणं उचलून धरलं आणि १९१९ मध्ये अपंग मुलांसाठीची संस्था स्थापन झाली. पुढे ती ‘ईस्टर सील्स’ म्हणून ओळखली गेली. नाव राखायला शोधलेलं काम असं मुलाच्या मरणातून उगवत नाही.

त्याच १९१९ मध्ये ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या सेवा क्लबांची मध्यवर्ती संघटना झाली. मुलांसाठी काम करणं हीच तिची ओळख. तिची वक्तृत्व स्पर्धा १९२८ पासूनची आहे. म्हणजे या चळवळीला जेमतेम पंधरा-वीस वर्षं झाली होती तेव्हाच मुलं तिच्या केंद्रस्थानी आली होती.

सगळ्यात जास्त खटकतो तो वह्या आणि फोटोंचा मुद्दा. वह्या वाटून, फोटो काढून घरी जाणारे क्लब आहेत. त्यांच्यावर राग असेल तर तो रास्त आहे. पण या इतिहासातली मोठी गोष्ट वेगळीच आहे: मुलांना घेणाऱ्याच्या जागेवरून उठवून कारभाऱ्याच्या जागेवर बसवणं.

१९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये किवानिसच्या मदतीने पहिला ‘की क्लब’ सुरू झाला. सभासद ११, सगळे विद्यार्थी. शाळांमधल्या टोळकेवजा गुप्त मंडळांना काहीतरी चांगला पर्याय हवा होता, त्यातून ही कल्पना निघाली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात लायन्सचा सभासद असलेल्या एका बेसबॉल प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूंना घेऊन पहिला लिओ क्लब, म्हणजे लायन्सचा मुलांसाठीचा क्लब, काढला. त्यात ३५ मुलं होती. १९६२ मध्ये फ्लोरिडातल्या मेलबर्न गावी २३ विद्यार्थ्यांचा पहिला इंटरॅक्ट क्लब, म्हणजे रोटरीचा मुलांसाठीचा क्लब, झाला आणि त्यापाठोपाठचा दुसरा थेट आपल्या देशात, तंजावरला.

या क्लबांत अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलंच असतात. पंधरा वर्षांची मुलगी विषयपत्रिका तयार करते, इतिवृत्त लिहिते, निधीचा हिशेब मांडते आणि तो जुळला नाही तर सगळ्यांसमोर उभी राहून सांगते. तिचा ठराव पडतो. पुढच्या बैठकीला ती पुन्हा येते आणि ज्या मुलाने ठराव पाडला त्याच्याबरोबरच रक्तदान शिबिराची खुर्च्या-टेबलं लावते. हे शिकवणाऱ्या जागा मुलांच्या आयुष्यात किती असतात? वर्गात प्रश्न शिक्षकांचे असतात, घरी निर्णय मोठ्यांचे. माझ्या मते क्लबांनी मुलांना दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती फोटोत दिसत नाही म्हणून ‘नाही’ म्हणायची हा अन्याय आहे.

पैशांचं उत्तर थोडक्यात. लायन्सच्या नियमांनुसार क्लबला दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात: सभासदांच्या वर्गणीतून प्रशासनाचा आणि लोकांकडून जमलेल्या पैशांचा सेवाकार्याचा. लोकांचा पैसा लोकांच्या कामालाच लागला पाहिजे, जेवणावळीला नाही. एखादा क्लब हा नियम मोडत असेल तर खजिनदाराला हिशेब मागा. तो विचारायचा पूर्ण हक्क देणगीदाराला आहे.

बायकांचा मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे, आणि लाजिरवाणा आहे. अनेक दशकं हे क्लब फक्त पुरुषांचे होते. पण ही दारं उघडायला एका छोट्याशा स्थानिक क्लबनेच झगडा दिला, हे मजकुरात नाही. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन महिलांना सभासद करून घेतलं. १९७८ मध्ये रोटरीच्या मध्यवर्ती संघटनेने त्या क्लबची मान्यताच काढून घेतली. क्लब नमला नाही, बैठका घेत राहिला आणि कोर्टात गेला. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या सभासदत्वाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी डुआर्टे क्लबच्या अध्यक्षपदी सिल्व्हिया व्हिटलॉक आल्या, कोणत्याही रोटरी क्लबच्या पहिल्या महिला अध्यक्ष. पेशाने त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

आणि किवानिसचं पाहा. मोठ्यांच्या क्लबमध्ये महिलांना प्रवेश मिळाला १९८७ मध्ये. त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या की क्लबने मुलींना दार उघडलं होतं १९७७ मध्ये, दहा वर्षं आधी.