"इकॉनॉमिक्स घेऊन काय करणार?"

परवा कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. निफाड तालुक्यातल्या एका गावाहून एक दादा मुलीला घेऊन आले. मुलीने अर्जात मेजर विषय म्हणून अर्थशास्त्र लिहिलं होतं. दादांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, इकॉनॉमिक्स घेऊन काय करणार ही? त्यापेक्षा सोपं काहीतरी द्या. पास होऊन बाहेर पडली म्हणजे झालं." मागे रांग होती, मी घाईघाईत दोन वाक्यं बोलले. घरी आल्यावर ते उत्तर फार अपुरं वाटलं. म्हणून हे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात यंदा कुणी बी.ए.ला जातंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

मी स्वतः याच वाटेने आले. दहावीला गणितात जेमतेम मार्क, म्हणून आर्ट्स. अकरावीला गणित सुटलं याचा मला आणि घरच्यांना केवढा आनंद झाला होता! एफ.वाय.ला अर्थशास्त्र घेतलं, कारण गावातला एक दादा एमपीएससी करत होता आणि तो म्हणाला, "पुढे उपयोगी पडतं." पुढची तीन वर्षं गाइडवर निघाली. मागणीचा नियम, त्याची गृहीतके, त्याचे अपवाद. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत, त्याची गृहीतके, त्याचे अपवाद. परीक्षेच्या आधी आयएमपी प्रश्नांची यादी फिरायची, तेवढं केलं की फर्स्ट क्लास पक्का. समवृत्ती वक्र, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्यांची रेषा, काढायला मी बांगडी वापरायचे. बांगडी कागदावर ठेवायची, पेन्सिलने पाव भाग गिरवायचा, खाली अ, वर ब. वक्र आरंभबिंदूकडे बहिर्वक्र असतो हे वाक्य तोंडपाठ होतं. तो तसा का असतो, हे तीन वर्षांत मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

एम.ए.ला पुण्यात आले. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एकूण खर्चाचं समीकरण मांडलं, त्याचा डेरिव्हेटिव्ह काढला आणि म्हणाले, "हा झाला सीमांत खर्च." मी वही धरून तशीच बसून राहिले. सीमांत खर्चाची व्याख्या मी किती वेळा लिहिली असेल! 'एक जादा नग उत्पादित केल्याने एकूण खर्चात होणारी वाढ.' तो एका रेषेचा उतार आहे, एवढी साधी गोष्ट मला एम.ए.ला कळली. सीमांत उपयोगिता, सीमांत प्राप्ती, सीमांत उपभोग प्रवृत्ती, ज्याच्या ज्याच्या मागे सीमांत लागलं ते सगळं म्हणजे कुठल्या ना कुठल्या रेषेचा उतार. त्या रात्री हॉस्टेलवर रूममेटचं अकरावी सायन्सचं गणिताचं पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. पुढचे सहा महिने फार जड गेले. वर्गातल्या तीन मुली त्या काळात सोडून गेल्या. तिघीही आमच्यासारख्याच तालुक्याच्या कॉलेजातून मराठी माध्यमातून आलेल्या. हुशारीत कुणी कमी नव्हतं, फक्त त्यांच्या हातात जे हत्यार द्यायला हवं होतं ते तीन वर्षांत कुणी दिलंच नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला बारावीचं गणित लागतं. आपल्याकडे आर्ट्सच्या बहुतेक कॉलेजांत तशी अट नाही. माझं म्हणणं अट घाला असं नाही. अट घातली असती तर मी आज इथे नसते. पण दार उघडं ठेवायचं आणि आत आलेल्या पोरांना गणित न शिकवताच पदवी द्यायची, हा त्यांच्यावर अन्याय आहे. एम.ए.च्या चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत कलन (कॅल्क्युलस), मॅट्रिक्स, संख्याशास्त्र येतं. आमची मुलं तो पेपर बघून परत येतात आणि 'आपल्याला डोकंच नाही' असं समजतात.

आता दादांच्या प्रश्नाकडे येते. काय करणार ही अर्थशास्त्र घेऊन?

गेल्या वर्षी एस.वाय.ला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, ते शिकवायचं होतं. मी मुलांना सांगितलं, उद्या पुस्तक आणू नका, घरातली कांद्याची जुनी पट्टी, म्हणजे बाजारात माल विकल्यावर मिळणारी हिशोबाची पावती, आणा. दुसऱ्या दिवशी बाकांवर घड्या पडलेल्या, हळदीचे डाग लागलेल्या पट्ट्या आल्या. एका मुलीने दोन आणल्या होत्या, दोन्ही 2023च्या. पहिली फेब्रुवारीची: 21 क्विंटल 60 किलो, भाव क्विंटलला 540. म्हणजे 11,664 रुपये, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा. ट्रॅक्टरचं भाडं आणि काढणीची मजुरी तर पट्टीवर येतच नाही. दुसरी ऑक्टोबरची: 9 क्विंटल 20 किलो, भाव 3,150. म्हणजे 28,980. ती मुलगी फळ्याजवळ उभी राहून हिशोब करत होती आणि मधेच थांबली. "मॅडम, माल निम्म्याहून कमी आणि पैसे जवळजवळ अडीचपट!"

मग तासभर कुणी जागचं हललं नाही. फेब्रुवारीतला लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, भाव काही का असेना. म्हणजे पुरवठ्याची रेषा सरळ उभी. पुस्तकात याला अतिअल्पकाळ म्हणतात. ऑक्टोबरमधला कांदा चाळीत साठवलेला उन्हाळ. त्यात थांबायची सोय आहे, पण थांबण्याचीही किंमत आहे: चाळीत सडून जातो तो माल, वजनातली घट, आणि तोवर सोसायटीच्या कर्जावर चढणारं व्याज. एका मुलाने हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं. त्याने संधी खर्चाचा, म्हणजे एक पर्याय निवडताना सोडाव्या लागलेल्या दुसऱ्या पर्यायाच्या किमतीचा, धडा वाचलेला नव्हता, तरी हिशोब अचूक होता.

मग फळ्यावर मांडलं. समजा, 100 क्विंटल माल, भाव हजार, हातात लाख रुपये. आवक 20 टक्क्यांनी वाढली आणि भाव निम्म्यावर आला, तर 120 क्विंटलचे झाले साठ हजार. जास्त पिकवून चाळीस हजार कमी. भाव पडला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही, म्हणजे मागणी अलवचिक. एकट्या शेतकऱ्याने कमी पिकवून उपयोग नाही, कारण त्याच्या दोन एकरांनी भाव हलत नाही. आणि सगळे जण गेल्या वर्षीचा भाव बघून यंदाची लागवड ठरवतात, म्हणून एक वर्ष चांगलं, पुढचं वर्ष मातीमोल. आमच्या अण्णांनी आयुष्यभर याला नशीब म्हटलं. त्याला नाव आहे, आकृती आहे, त्याचा अभ्यास झालेला आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही बी.ए. करत असताना सांगू शकले नाही, कारण मला लवचिकतेचे पाच प्रकार पाठ होते आणि घरचा कांदा त्यातल्या कुठल्या प्रकारात बसतो ते ठाऊक नव्हतं.

कांद्याच्या निर्यातबंदीचंही तेच. 8 डिसेंबर 2023ला बंदी आली, 4 मे 2024ला उठली. मागणीतला संकोच आणि मागणीतला ऱ्हास यांतला फरक हा हमखास येणारा प्रश्न, आणि मुलं हमखास गोंधळतात. बंदीचं उदाहरण दिलं आणि कुणीही गोंधळलं नाही. भाव तोच असताना परदेशातलं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं, सगळी रेषाच डावीकडे सरकली. हा ऱ्हास. नुसता भाव वाढला म्हणून मागणी घटली असती, तर तो संकोच.

नंतर वर्ग घेऊन लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव बघायला गेलो. गाइडमध्ये शेतमालाचा बाजार हे पूर्ण स्पर्धेचं उदाहरण म्हणून दिलेलं असतं, असंख्य ग्राहक, असंख्य विक्रेते. ट्रॅक्टरच्या लांबच लांब रांगा, आणि एकेका ट्रॉलीभोवती बोली बोलणारे मोजकेच. परत येताना गाडीत एक मुलगी म्हणाली, "मॅडम, विकणारे असंख्य दिसले. घेणारे मी मोजले, सहा होते." तिने पुस्तकातल्या वाक्यावर बोट ठेवलं होतं, तेही स्वतः मोजून. अर्थशास्त्र शिकणं म्हणतात ते मला त्या दिवशी माझ्या वर्गात पहिल्यांदा दिसलं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. केलं ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन. पुढे कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. जयंतीच्या भाषणांत पदव्या सांगतात, त्या पदव्यांचा विषय कोणता हे फार कमी वेळा सांगतात. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर, म्हणजे शेतकऱ्यांकडच्या जमिनीच्या लहान तुकड्यांवर, एक निबंध लिहिला. त्यात ते सांगतात, शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल किती आणि माणसं किती यावर ठरतं. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलीत, त्यांना उद्योगांत काम मिळाल्याशिवाय शेती सुधारायची नाही. त्या निबंधाला शंभर वर्षं उलटून गेली. आमच्या घरात साडेतीन एकरांच्या तीन वाटण्या झाल्या त्या वर्षी मी टी.वाय.ला होते. बांध घालताना दोन चुलते एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा हा निबंध माझ्या हातात कुणी दिला असता तर भांडण मिटलं नसतं, पण ते भांडण कशाचं आहे हे मला समजलं असतं.

राष्ट्रीय उत्पन्नाचा धडाही असाच. घरी खायला ठेवलेली बाजरी राष्ट्रीय उत्पन्नात मोजतात. त्या बाजरीची भाकरी थापणाऱ्या हातांचं काम मोजत नाहीत. हे शिकवताना मुली एकदम सरळ होऊन बसतात.

नोकरीचं थोडक्यात सांगते. बँका, स्पर्धा परीक्षा, बी.एड., हे रस्ते आहेतच. एम.ए. केलं तर यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, संशोधन संस्था आहेत, आकडेवारीची कामं आहेत. पण गाइडवर मिळवलेल्या पदवीला यातलं काहीही मिळणार नाही, हे पालकांना स्पष्ट सांगणं माझं काम आहे. मुलीला अर्थशास्त्र द्या, सोबत गणित द्या, एक्सेल शिकू द्या, रोज अर्धा तास इंग्रजी वाचू द्या, कारण वरची चांगली पुस्तकं अजून मराठीत नाहीत.

दादा, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर: मुलीचा अर्ज मी अजून पुढे पाठवलेला नाही, विषय तोच ठेवलाय. रविवारी सकाळी नऊ वाजता कॉलेजात मी गणिताचा वर्ग घेते, अगदी पहिल्यापासून, फी नाही. आर्ट्सच्या कुणालाही येता येईल, कॉलेज दुसरं असलं तरी चालेल. येताना आलेख वही आणि घरातली एक पट्टी आणायला सांगा तिला.