निळा रंग पुरेसा नाही

मेगा मॅन या व्हिडिओ गेममधल्या निळ्या रोबोवर एका लेखात ब्लू क्युरासाओचं (संत्र्याच्या स्वादाचं निळं लिक्युअर) कॉकटेल दिलं आहे. ते दिसायला छान आहे, पण नुसतं ब्लू क्युरासाओ घालून मेगा मॅन त्या पेयात उतरत नाही. कॅपकॉम कंपनीच्या १९८७ च्या पहिल्या गेमपासून त्याची खरी ओळख म्हणजे पराभूत केलेल्या बॉसचं, म्हणजे मोठ्या शत्रूचं, शस्त्र घेतलं की त्याचा रंग बदलतो! ते पेल्यात दिसायला हवं. गोकर्णाची सुकी फुलं जिनमध्ये दोनेक तास भिजवा, गर्द निळी होते. ५० मिली जिन, २० मिली साखरेचा पाक, भरपूर बर्फ. २० मिली लिंबाचा रस मात्र वेगळ्या छोट्या ग्लासात द्या, आधी मिसळू नका. पिणाऱ्याने तो स्वतः ओतायचा. आम्लामुळे फुलांमधलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य जांभळं होतं आणि रंगाची रेघ बर्फातून हळूहळू खाली उतरते. चवीलाही हे क्युरासाओपेक्षा कितीतरी स्वच्छ लागतं.